दुसऱ्या फेरीचे गणित: एलडीपीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गट नेमके काय करतात

प्रश्न असा विचारला गेला आहे: जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षातील, म्हणजे एलडीपीतील, सहापैकी पाच गटांनी 2024 साली विसर्जनाचा निर्णय घेतला, तरीही ऑक्टोबर 2025 मध्ये सानाए ताकाइची यांच्या विजयाचे श्रेय आसो गटाला का दिले गेले? गट संपले असतील तर हे कसे घडले, आणि संपले नसतील तर त्या विसर्जनाला अर्थ काय?

जपानमधील पक्षीय राजकारणाचा अभ्यास आणि त्यावरील लेखन हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून उत्तर देताना थोडे मागे जावे लागेल; मात्र माझे मत आधीच सांगतो. गटाची खरी ताकद अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत असते. पहिल्या फेरीत गट आपला उमेदवार उभा करतो आणि आपले संख्याबळ दाखवून देतो. निकाल फिरवण्याची संधी मात्र त्याला मिळते ती कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यावर, पहिल्या दोन उमेदवारांत त्याच दिवशी पुन्हा मतदान होते तेव्हा. हा नियम जोवर आहे तोवर एकगठ्ठा मते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेऊ शकणाऱ्या नेत्याला किंमत राहणारच, मग त्याच्या कार्यालयावर गटाची पाटी असो वा नसो.

1955 पासून 1993-94 आणि 2009-12 हे दोन कालखंड सोडले तर एलडीपी सतत सत्तेत राहिला आहे. त्यामुळे पक्षाच्या अध्यक्षाची निवड म्हणजे बहुतेक वेळा देशाच्या पंतप्रधानाचीच निवड ठरते, आणि तीन-चारशे खासदारांच्या मतदानावर एवढे मोठे पद अवलंबून असल्याने त्या खासदारांची आधीपासून मोट बांधून ठेवणे हा स्वाभाविक उद्योग बनतो. जपानीत या गटांना ‘हाबात्सु’ म्हणतात. लिबरल आणि डेमोक्रॅटिक हे दोन पक्ष नोव्हेंबर 1955 मध्ये एकत्र आले, पण नेते आपापली माणसे घेऊनच नव्या पक्षात आले होते. पक्षात खरी चुरस लगेच पुढच्याच वर्षी झाली, आणि नंतरच्या बहुतेक सगळ्या डावपेचांचे मूळ त्याच निवडणुकीत सापडते.

डिसेंबर 1956 मध्ये इचिरो हातोयामा निवृत्त होत होते. नोबुसुके किशी, तानझान इशीबाशी आणि मित्सुजिरो इशिई हे तिघे रिंगणात होते. पहिल्या फेरीत किशींना 223, इशीबाशींना 151 आणि इशिईंना 137 मते मिळाली. किशी बरेच पुढे होते, पण बहुमतात नव्हते. इशीबाशी आणि इशिई यांच्या गोटांनी आधीच करार केला होता की दोघांपैकी जो दुसऱ्या क्रमांकावर येईल त्याला दुसऱ्याची मते द्यायची. दुसऱ्या फेरीत इशीबाशी 258 विरुद्ध 251 असे, अवघ्या सात मतांनी जिंकले. मोबदला देण्याची वेळ आली तेव्हा मात्र ओढाताण सुरू झाली. गटागटांची समजूत काढता काढता मंत्रिमंडळाची यादी इतकी लांबली की सुरुवातीला इशीबाशींना स्वतःकडेच सर्व खाती तात्पुरती ठेवून शपथ घ्यावी लागली. सुमारे दोन महिन्यांतच प्रकृती ढासळल्याने त्यांनी पद सोडले आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री असलेले किशी पंतप्रधान झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची युती, त्या युतीची खात्यांच्या रूपात परतफेड आणि पराभूत गटालाही सत्तेत वाटा, हा सगळा आराखडा त्या एका महिन्यात पक्का झाला.

ही व्यवस्था पुढे चाळीस वर्षे टिकली, ती निव्वळ नेत्यांच्या महत्त्वाकांक्षेवर टिकली नाही. तिची मुळे मतदारसंघांत होती. 1994 पर्यंत कनिष्ठ सभागृहासाठी एका मतदारसंघातून साधारण तीन ते पाच खासदार निवडले जात आणि मतदाराला मत मात्र एकच असे. बहुमत हवे असेल तर एलडीपीला एकाच मतदारसंघात दोन-तीन उमेदवार उभे करणे भाग होते, आणि मग त्या उमेदवारांचा खरा प्रतिस्पर्धी समाजवादी पक्षापेक्षा आपल्याच पक्षाचा शेजारी असे. गुन्मा प्रांताचा तिसरा मतदारसंघ पाहिला की हे लगेच लक्षात येते. चार जागांच्या त्या एका मतदारसंघातून ताकेओ फुकुदा, यासुहिरो नाकासोने आणि केइझो ओबुची असे तीन नेते एकाच पक्षाच्या झेंड्याखाली, पण तीन वेगवेगळ्या गटांतून वर्षानुवर्षे निवडून येत राहिले, आणि तिघेही पुढे पंतप्रधान झाले. पक्षाला या तिघांत डावे-उजवे करणे शक्य नव्हते. प्रचाराला पैसा कोण देणार, सभेला मोठा नेता कोण आणणार, तिकीट कोण मिळवून देणार, या सर्व प्रश्नांचे उत्तर गट हेच होते.

गट खासदाराला वर्षातून दोनदा पैसे देत असे, उन्हाळ्यात ‘बर्फाचे पैसे’ आणि वर्षाअखेरीस ‘मोचीचे पैसे’ या नावाने. मंत्रिपदांची यादीही गटनेत्यांकडूनच येई. कनिष्ठ सभागृहावर पाच-सहा वेळा निवडून आलेल्या खासदाराची मंत्रिपदासाठी पाळी आली असे मानले जाई, आणि आपल्या माणसाची पाळी चुकू न देणे ही गटनेत्याची जबाबदारी असे. त्या बदल्यात खासदाराने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सांगितलेल्या नावाला मत द्यायचे. सगळे गट आपली साप्ताहिक बैठक गुरुवारी दुपारी 12 वाजता, एकाच वेळी घेत. साहजिकच एका खासदाराला दोन गटांच्या बैठकीला हजर राहता येत नसे, आणि कोण कुठे बसला यावरून निष्ठेची नोंद दर आठवड्याला आपोआप होत असे. मतदान गुप्त असते, त्यामुळे पक्षातील निवडणुकीत व्हीप काढून काही साध्य होत नाही. सवय, उपकार आणि पुढच्या पाळीची आशा यांवरच ती शिस्त उभी होती.

1972 साली काकुएई तानाका आणि ताकेओ फुकुदा यांच्यात जी लढत झाली तिच्यात हे यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना दिसते. मावळते पंतप्रधान एइसाकु सातो यांचा कल फुकुदांकडे होता. तानाकांनी सातो गटातीलच बहुसंख्य खासदार आपल्याकडे वळवले, नाकासोनेंना उमेदवारीपासून परावृत्त करून त्यांचा पाठिंबा घेतला आणि मासायोशी ओहिरा व ताकेओ मिकी यांच्याशी दुसऱ्या फेरीसाठी समझोता केला. पहिल्या फेरीत तानाका 156, फुकुदा 150, ओहिरा 101 आणि मिकी 69. दुसऱ्या फेरीत तानाका 282, फुकुदा 190. पहिल्या फेरीतील सहा मतांचे अंतर दुसऱ्या फेरीत 92 मतांवर गेले. ओहिरा आणि मिकी यांच्या 170 मतांपैकी 126 तानाकांकडे आणि फक्त 40 फुकुदांकडे गेली, चार मते मोजणीत उरली नाहीत. करार केलेली मते जवळजवळ पूर्णपणे पोहोचती झाली होती.

सामान्य पक्षसदस्यांना मत दिले की गटांचा जोर ओसरेल, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो. तो पहिल्यांदा 1970 च्या दशकातच झाला होता आणि लॉकहीड लाचखोरी प्रकरणानंतर पक्षाने सदस्यांची प्राथमिक निवडणूक सुरूही केली. 1978 मध्ये ती प्रथमच झाली. पंतप्रधान फुकुदा निर्धास्त होते. प्राथमिक फेरीत मागे पडलेल्याने खासदारांच्या मतदानाला उभे राहू नये, असे त्यांनी आधीच जाहीर करून टाकले होते. तानाका त्या वेळी अटकेनंतर पक्षाबाहेर होते, त्यांच्यावर खटला चालू होता, तरीही सर्वांत मोठ्या गटाची सूत्रे त्यांच्याच हाती होती आणि तो गट ओहिरांच्या मागे उभा राहिला. पक्षाचे सदस्य कोण होते, तर खासदारांच्या समर्थक मंडळांनी नोंदवलेली माणसे. त्यामुळे खासदारावर हुकूमत असलेला गट सदस्यांपर्यंतही पोहोचला. गुणांच्या हिशेबाने ओहिरांना 748 आणि फुकुदांना 638 मिळाले, आणि फुकुदांना आपल्याच शब्दाला जागून माघार घ्यावी लागली. गट मोडण्यासाठी केलेल्या सुधारणेने गटांची मुळे खासदारांकडून गावोगावच्या सदस्यांपर्यंत नेली. या इतिहासाकडे सुधारणावाद्यांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्यानंतरच्या दशकात तानाका आणि पुढे ताकेशिता गट स्वतःचा उमेदवार नसतानाही पंतप्रधान ठरवत राहिले. ऑक्टोबर 1991 मध्ये ताकेशिता गटाचे सूत्रधार इचिरो ओझावा यांनी किइची मियाझावा, मिचिओ वातानाबे आणि हिरोशी मित्सुझुका या तिन्ही उमेदवारांना आपल्या कार्यालयात बोलावून त्यांची मते जाणून घेतली आणि मग मियाझावांना पाठिंबा दिला. मियाझावा वयाने ओझावांपेक्षा दोन दशकांहून अधिक मोठे, अर्थ आणि परराष्ट्र ही दोन्ही खाती सांभाळलेले नेते. असा माणूस पाठिंब्यासाठी मुलाखतीला जातो, हे दृश्य जपानी जनतेला खटकले. दोन वर्षांच्या आत तो गट फुटला, ओझावा पक्षाबाहेर पडले आणि एलडीपीची सत्ता पहिल्यांदा गेली.

1994 च्या सुधारणांनी गटांच्या पायाखालची जमीन बरीचशी काढून घेतली. कनिष्ठ सभागृहाच्या 300 जागा एकसदस्यीय झाल्या, 200 प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या. पक्षांना सरकारी अनुदान मिळू लागले. तिकीट आणि पैसा दोन्ही पक्षाच्या मुख्यालयात, म्हणजे अध्यक्ष आणि सरचिटणीस यांच्या हाती आले. याचा परिणाम 2001 मध्ये दिसला. ‘पक्षच मोडून काढीन’ असे म्हणत जुनइचिरो कोइझुमी प्रांतिक मतदानात 141 पैकी 123 मते घेऊन गेले आणि सर्वांत मोठ्या गटाचे र्‍युतारो हाशिमोतो यांना 15 मते मिळाली. प्रांतांचा कौल आधी जाहीर झाल्याने खासदारांवर एवढे दडपण आले की एकूण मते कोइझुमी 298, हाशिमोतो 155 अशी झाली. गटांचा काळ संपला असे त्या वर्षी पुष्कळांनी लिहिले.

2012 ने तो निष्कर्ष खोटा ठरवला. शिगेरू इशिबा यांनी पक्षसदस्यांच्या 300 पैकी 165 मते मिळवून पहिली फेरी 199 विरुद्ध 141 अशी जिंकली. पण दुसऱ्या फेरीत तेव्हा फक्त खासदार मत देत, आणि तिथे शिन्झो आबे 108 विरुद्ध 89 असे विजयी झाले. पहिल्या फेरीत मागे असलेला उमेदवार जिंकण्याची 1956 नंतरची ती पहिली वेळ होती. 1956 मध्ये अशाच तऱ्हेने हरलेले किशी हे आबेंचे आजोबा होते. सदस्यांच्या नाराजीमुळे पुढे नियम बदलला आणि दुसऱ्या फेरीत 47 प्रांतांना प्रत्येकी एक मत मिळाले.

सप्टेंबर 2020 ची निवडणूक मला अलीकडच्या काळात सर्वांत बोधप्रद वाटते, कारण गटांचे काम इतक्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळते. 28 ऑगस्टला आबेंनी राजीनामा जाहीर केला. योशिहिदे सुगा कोणत्याच गटाचे नव्हते. सरचिटणीस तोशिहिरो निकाई यांच्या गटाने सर्वप्रथम सुगांच्या बाजूने हालचाल केली, आणि ते पाहताच बाकीच्यांची धांदल उडाली. उशिरा पाठिंबा देणाऱ्याच्या वाट्याला पदे उरत नाहीत, हे सगळेच जाणून होते. 2 सप्टेंबरला सुगांनी उमेदवारी जाहीर केली त्याच दिवशी होसोदा, आसो आणि ताकेशिता या तीन मोठ्या गटांच्या प्रमुखांनी संयुक्त पत्रकार परिषद घेऊन पाठिंबा जाहीर केला. निकाई त्या व्यासपीठावर नव्हते. सुगा आमच्यामुळे जिंकत आहेत, एकट्या निकाईंमुळे नाही, हे सर्वांसमक्ष नोंदवणे हाच त्या परिषदेचा हेतू होता. प्रांतांना प्रत्येकी तीन मते देणाऱ्या संक्षिप्त पद्धतीने मतदान झाले आणि सुगा 377, किशिदा 89, इशिबा 68 असा निकाल लागला. त्यानंतर पक्षाची पदे पाहा: सरचिटणीस निकाई गटाचे, सर्वसाधारण परिषदेचे प्रमुख आसो गटाचे, धोरण समितीचे प्रमुख होसोदा गटाचे, निवडणूक समितीचे प्रमुख ताकेशिता गटाचे आणि संसदीय कामकाज समितीचे प्रमुख इशिहारा गटाचे. पाठिंबा देणारे पाच गट, पाच पदे.

एक वर्षाने लोकप्रियता घसरली तेव्हा त्यांपैकी बहुतेक गट एकजुटीने सुगांच्या मागे उभे राहिले नाहीत. स्वतःचा गट नसलेल्या नेत्याला इतरांचे गट पंतप्रधान करू शकतात, पण पडत्या काळात आधार देणारी हक्काची माणसे त्याच्याकडे नसतात. 2021 च्या लढतीत पहिल्या फेरीत फुमिओ किशिदा 256 आणि तारो कोनो 255, एका मताचा फरक. दुसऱ्या फेरीत किशिदांची खासदार-मते 146 वरून 249 वर गेली. याच लढतीत उतरलेल्या ताकाइची यांच्या मागे उभ्या असलेल्या आबे यांच्या गोटाशी झालेले जुळवून घेणे त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. प्रांतांच्या 47 पैकी 39 मते कोनोंना मिळाली होती, तरी त्यांचा काही उपयोग झाला नाही.

मग आला बेहिशेबी निधीचा प्रश्न. गट निधी उभारण्यासाठी मेजवान्या आयोजित करत, साधारण 20 हजार येनांचे एक तिकीट असे आणि प्रत्येक खासदाराला विक्रीचा कोटा ठरवून दिलेला असे. कोट्याहून जास्त विक्रीचे पैसे आबे गटात खासदारांना परत दिले जात आणि हिशेबात दाखवले जात नसत. पाच वर्षांत त्या गटाची अशी रक्कम 67 कोटी येनांच्या घरात गेली. 2023 च्या अखेरीस तपासाने जोर धरला. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान किशिदांनी आपला कोचिकाई हा 1957 पासूनचा गट विसर्जित करण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी आबे व निकाई गटांनीही तोच मार्ग धरला. मोरियामा आणि मोतेगी गटही पुढे त्याच वाटेने गेले. तारो आसो यांनी मात्र आपला गट ठेवला.

विसर्जनाचा पहिला परिणाम सप्टेंबर 2024 मध्ये उमेदवारांच्या संख्येत दिसला. उमेदवारीसाठी 20 खासदारांचे अनुमोदन लागते. पूर्वी गटनेता आपल्या माणसांना दुसऱ्याच्या अर्जावर सही करू देत नसे. 2015 मध्ये सेइको नोदा यांना 20 नावे जमली नाहीत आणि आबे बिनविरोध निवडले गेले. 2024 मध्ये तब्बल नऊ उमेदवार उभे राहिले. पूर्वीच्या किशिदा गटातून दोघे, मोतेगी गटातून दोघे. एका गटातून एकच उमेदवार ही जुनी शिस्त खरोखर मोडली होती, आणि गट विसर्जित होऊन काहीच बदलले नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, ते याच कारणासाठी.

पण नऊ उमेदवार म्हणजे दुसरी फेरी अटळ, आणि दुसऱ्या फेरीत जुने धागे पुन्हा ताणले गेले. पहिल्या फेरीत ताकाइची 181, इशिबा 154. इशिबांना खासदारांची मते होती फक्त 46. आसो ताकाइचींच्या बाजूला गेले, किशिदांच्या जुन्या सहकाऱ्यांची मोठी संख्या इशिबांकडे गेली, आणि इशिबांची खासदार-मते 189 झाली. अंतिम निकाल 215 विरुद्ध 194. पहिल्या फेरीत मागे असलेला उमेदवार जिंकण्याची ही तिसरी वेळ.

आता मूळ प्रश्न. 4 ऑक्टोबर 2025 रोजी पाच उमेदवार होते. पहिल्या फेरीत ताकाइचींना 183 मते मिळाली, पण त्यात खासदारांची 64 आणि सदस्यांची 119. शिंजिरो कोइझुमी यांना एकूण 164, त्यात खासदारांची 80. खासदारांत कोइझुमी पुढे होते आणि दुसऱ्या फेरीत ते जिंकतील असा पुष्कळांचा अंदाज होता. सुमारे 43 खासदारांच्या आसो गटात मात्र असा संदेश गेल्याच्या बातम्या आल्या की दुसऱ्या फेरीत सदस्यांची सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला मत द्यावे. दुसऱ्या फेरीत ताकाइचींना खासदारांची 149 आणि कोइझुमींना 145 मते पडली. प्रांतांची मते 36 विरुद्ध 11. एकूण 185 विरुद्ध 156.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर श्रेय एकट्या आसो गटाला देणे अपुरे ठरते. एकूण अंतर 29 मतांचे, त्यातील 25 प्रांतांमधून आले. खासदारांत चारच मतांची आघाडी होती. मात्र आसोंची मते उलट बाजूला गेली असती तर प्रांतांची आघाडीही पुरली नसती, आणि मोतेगी व कोबायाशी या पहिल्याच फेरीत मागे पडलेल्या उमेदवारांच्या समर्थकांतूनही मते ताकाइचींकडे वळली असणार. आसोंचे कौशल्य असे की सदस्यांचा कौल कुठे चालला आहे हे त्यांनी ओळखले आणि आपली एकगठ्ठा मते त्याच दिशेला ठेवली. 2001 मध्ये गट सदस्यांच्या लाटेला आडवे गेले आणि वाहून गेले. 2025 मध्ये उरलेला एकमेव गट त्या लाटेबरोबर गेला. परतफेड ठरलेल्या पद्धतीने झाली: आसो पक्षाचे उपाध्यक्ष, त्यांचे मेहुणे आणि गटातील सहकारी शुनइची सुझुकी सरचिटणीस, त्याच गटाच्या हारुको आरिमुरा सर्वसाधारण परिषदेच्या प्रमुख.

विसर्जनाने पैसे वाटण्याची आणि मंत्रिपदाची यादी लावण्याची गटांची ताकद बरीच कमी केली, आणि ही गोष्ट मी चांगली मानतो. मते एकत्र हलवण्याचे काम मात्र संपलेले नाही; ते नोंदणीकृत, कार्यालय आणि हिशेब असलेल्या संघटनांकडून काही मोजक्या व्यक्तींकडे गेले आहे. यात मला एक धोका दिसतो. गटांचे हिशेब निदान राजकीय निधी कायद्याखाली दाखल तरी होत, आणि तपास झाला तो त्याच कागदांच्या आधारे झाला. निवडणुकीच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधल्या थोड्या वेळात दूरध्वनीवरून होणाऱ्या देवघेवीचा कुठेही कागद होत नाही.

ताकाइचींना इशिबांच्या कार्यकाळाचा उरलेला भाग मिळाला असून तो सप्टेंबर 2027 मध्ये संपतो. तेव्हा चुरस झालीच, तर उमेदवारीच्या दिवशी प्रसिद्ध होणाऱ्या 20 अनुमोदकांच्या याद्या मिळवून प्रत्येक नावासमोर त्या खासदाराचा 2023 मधील गट लिहून पाहावा. एखाद्या यादीत एकाच जुन्या गटाची नावे दाटीने आली तर तो गट नावापुरताच विसर्जित झाला आहे असे समजावे. आणि नावे विखुरलेली असतील तर दुसऱ्या फेरीत त्यांना कोण एकत्र आणू शकतो, हा प्रश्न पहिल्या फेरीच्या निकालापेक्षा अधिक महत्त्वाचा धरावा.